खिशातला जुगार आणि सरकारचा खिसा

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'ओपन' आणि 'क्लोज' हे दोन इंग्रजी शब्द शाळेत नाव घालण्यापूर्वीच पाठ असत. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहत. गिरणीत स्पिनिंग खात्यात कामाला. माणूस देवभोळा, दारूच्या थेंबालाही न शिवणारा, गणपतीत आरतीला सर्वांत पुढे. पण संध्याकाळ झाली की ते नाक्यावर पानवाल्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आकडेवाल्याकडे जात, कागदाच्या कपट्यावर आकडा लिहून घेत आणि आठ आणे, कधी रुपया त्याच्या हातावर ठेवत. रात्री ओपन येई, मध्यरात्री क्लोज. मग दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत करण्यासारखे काही नसे. पगाराच्या दिवशी काकू गिरणीच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. एकदा तर त्यांनी नाक्यावर जाऊन त्या आकडेवाल्याला चारचौघांत असे काही सुनावले की, पुढे दोन महिने त्याने काकांचा आकडा घेतलाच नाही.

हे सारे आठवायला कारण घडले ते माझ्या भाच्यामुळे. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला, पगार बरा, लग्नाचे बघणे चाललेले. २०२४ च्या दिवाळीनंतर एका रविवारी तो घरी आला. "मामा, थोडी अडचण आहे," एवढेच म्हणाला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. शेवटी त्याने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. बँकेच्या खात्यावरच्या नोंदी होत्या. एका रात्रीच्या नोंदी मी बोटाने मोजल्या. पावणेबारा ते पहाटे सव्वातीन या वेळात सदतीस वेळा पैसे गेले होते. आधी पन्नास, मग शंभर, मग पाचशे, मग दोन हजार. मध्येच दोनदा पैसे आलेही होते, पण ते जिंकलेले नव्हते. कर्ज देणाऱ्या दोन ॲपनी पाच-पाच मिनिटांत मंजूर केलेले ते कर्ज होते. खेळ होता रमीचा. एकूण आकडा सव्वाचार लाखांच्या घरात गेला होता. हे सगळे घडले तेव्हा त्याची आई, माझी बहीण, शेजारच्या खोलीत झोपलेली होती. तिला काही ऐकू आले नव्हते. ऐकू येण्यासारखे काही नव्हतेच.

ऑनलाइन जुगाराचे सरकारने काय करावे, या प्रश्नावर गेली काही वर्षे पुष्कळ चर्चा झाली. संसदेत झाली, न्यायालयांत झाली, जीएसटी परिषदेत झाली. त्या चर्चेत दोनच बाजू ऐकू येत राहिल्या. एक म्हणते बंदी घाला, दुसरी म्हणते परवाना द्या आणि कर घ्या. मला वाटते, दोन्ही बाजूंनी आमच्या चाळीतल्या त्या काकूंपासून सुरुवात करायला हवी होती. कारण काकांच्या मटक्यावर जे काही नियमन होते ते कायद्याचे नव्हते, काकूंचे होते.

जुन्या जुगाराला चार लगाम होते

मटका बेकायदा होता, हे खरे. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. तरीही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर सुरू झालेला आकड्यांचा हा खेळ साठच्या दशकात वरळीत पत्त्यांवर आला आणि पुढची तीसएक वर्षे गिरणगावच्या नाक्यानाक्यावर चालला. कायद्याने तो थांबला नाही. मात्र त्याला चार लगाम होते. पहिला वेळेचा: दिवसाला दोनच आकडे निघत, त्यामुळे हरलेल्या माणसाला शुद्धीवर यायला वेळ मिळे. दुसरा अंतराचा: नाक्यापर्यंत पायांनी चालत जावे लागे. तिसरा रोकडीचा: खिशातले संपले की खेळ संपला. उधारी मिळे, पण आकडेवालाही आपले पैसे बुडू नयेत म्हणून हात आखडता घेई. आणि चौथा लाजेचा: कोण नाक्यावर उभा आहे ते अख्ख्या चाळीला दिसे.

मटका निरुपद्रवी होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्यात संसार बुडाले, मंगळसूत्रे गहाण पडली. पण बुडायला वर्षे लागत, आणि त्या वर्षांत कोणीतरी हाताला धरून मागे ओढण्याची शक्यता असे. मोबाइलवरच्या खेळाने हे चारही लगाम एका झटक्यात काढून टाकले. डाव दोन-तीन मिनिटांचा, अड्डा उशाशी, पैसा यूपीआयवर आणि तो संपला तर कर्ज पाच मिनिटांत, आणि लाज वाटावी असे समोर कोणीच नाही. उलट पाच दिवस खेळला नाही तर 'तुमच्यासाठी खास बोनस' असा निरोप येतो. नाक्यावरचा आकडेवाला कधी घरी येऊन दार वाजवत नसे.

म्हणून माझे म्हणणे असे की, सरकारचे खरे काम हे तुटलेले चार लगाम पुन्हा बांधण्याचे आहे. बंदी असो वा परवाना, कसोटी हीच लावावी.

कौशल्याची ढाल

आता कायद्याकडे वळू. ब्रिटिशांनी १८६७ मध्ये केलेला सार्वजनिक जुगार कायदा आणि त्याच घाटाचा मुंबईचा १८८७ चा कायदा, दोन्ही मुख्यतः अड्ड्याविरुद्ध आहेत. त्यांना घर लागते, खोली लागते, जागा लागते, जिथे पोलीस धाड घालू शकतील. अड्डा माणसाच्या खिशातच गेल्यावर हे कायदे जवळपास आंधळे झाले. शिवाय या कायद्यांत पहिल्यापासून एक फट आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळांना ते लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दल तेच म्हटले. या दोन निकालांच्या आधारावर पुढे सगळा ऑनलाइन डोलारा उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फॅन्टसी क्रिकेटलाही कौशल्याच्या बाजूला घातले. तामिळनाडूने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर घातलेली बंदी मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली, कर्नाटकची बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली.

न्यायालयांचा तर्क कायद्याच्या भाषेत चुकीचा नव्हता. पण कौशल्याचा प्रश्न माझ्या भाच्याला कितपत लागू पडतो? एक साधा हिशेब मांडून पाहू. कंपनी स्वतः खेळत नाही, ती प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते. समजा, हा वाटा दहा टक्के आहे. सारख्याच कसबाच्या खेळाडूंनी टेबलावर दोनशे रुपये मांडले आणि ते फिरून फिरून पुन्हा डावावर लागत राहिले, तर दहा डावांनंतर त्यांतले सत्तरच्या आसपास उरतात. एकशेतीस कंपनीकडे गेलेले असतात. कोण हुशार, कोण अडाणी, याने या बेरजेत फरक पडत नाही. पडतो तो फक्त एवढाच की उरलेले सत्तर कोणाच्या खिशात जातील. कौशल्याचा खेळ आहे म्हणून खेळणारे सगळे मिळून जिंकतील, असे कधीच होत नाही. आणि कंपनीचे उत्पन्न डावांच्या संख्येवर असल्यामुळे डाव जितके झटपट, जितके रात्रभर, तितके तिला हवेच असतात.

या दृष्टीने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन खेळांचा कायदा मला एका मुद्द्यावर महत्त्वाचा वाटतो. कौशल्य की नशीब, हा साठ वर्षांचा वाद त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे मिळवण्याची आशा दाखवणारा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, चालवण्यावर त्याने बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख, पैशाचे व्यवहार पार पाडणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, आणि हे फार शहाणपणाचे आहे. गुन्हेगार ठरण्याची भीती असती तर माझा भाचा माझ्यापुढेही तोंड उघडायला आला नसता.

बंदीनंतर काय?

या कायद्याला लगेच आव्हान मिळाले, निरनिराळ्या उच्च न्यायालयांतले अर्ज सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतले. मुख्य आक्षेप दोन. एक असा की, 'पैज आणि जुगार' हा विषय घटनेच्या राज्य सूचीत आहे, केंद्राने त्यात हात घालावा का? दुसरा व्यवसायस्वातंत्र्याचा. त्या वादाचे पर्यवसान काहीही होवो, या निमित्ताने मुंबई राज्याच्याच एका जुन्या खटल्याची आठवण ठेवण्यासारखी आहे.

पन्नासच्या दशकात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचे मोठे पेव फुटले होते. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातून आर.एम.डी.सी. नावाची शब्दकोड्यांची स्पर्धा चाले, पण तिचे प्रवेशअर्ज आणि पैसे मुंबई राज्यातून मोठ्या प्रमाणावर जात. मुंबई सरकारने आपल्या १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेर छापल्या जाणाऱ्या स्पर्धांनाही परवाना आणि कर लावला. चालक म्हणाले, आमचे साप्ताहिक म्हैसूर राज्यात निघते, तुमचा काय संबंध? १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो सरकारच्या बाजूने. पैसा भरणारी माणसे इथली, वसुली इथली, तेव्हा संबंध पुरेसा आहे. आणि मुख्य न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले देत सांगितले की, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे.

आज 'साप्ताहिक' बंगळूरला नसते, समुद्रापलीकडच्या एखाद्या बेटावर नोंदवलेले असते, एवढाच फरक. आणि बंदीची खरी परीक्षा तिथेच आहे. देशातल्या कंपन्या बंदी पाळतात, कारण त्यांना पत्ता आहे, संचालक आहेत, बँक खाते आहे. परदेशी सट्ट्याची संकेतस्थळे यांतले काहीच मानत नाहीत. सरकारने अशी हजाराहून अधिक संकेतस्थळे बंद केली, ती दुसऱ्या दिवशी नावातले एक अक्षर बदलून पुन्हा उघडली. 'बातम्या' देणारे संकेतस्थळ म्हणून त्यांनी आपल्या जाहिराती झळकवल्या, त्याविरुद्ध केंद्राला २०२२ मध्ये वारंवार सूचना काढाव्या लागल्या. २०२३ मध्ये गाजलेले महादेव ॲपचे प्रकरण आठवावे. त्याचे सूत्रधार छत्तीसगडमधले, कारभार दुबईहून, आणि पैसा फिरत होता गोरगरिबांच्या नावावर उघडलेल्या बँक खात्यांतून.

म्हणजे संकेतस्थळ बंद करणे हे नाक्यावरच्या आकडेवाल्याला पकडण्यासारखे आहे. एक उचलला की दुसरा उभा राहतो. पकडायचा तो पैशाचा रस्ता. भाड्याने दिलेली बँक खाती, एकाच खात्यात रात्रीतून येणाऱ्या शेकडो लहान रकमा, हे बँकांना आणि यूपीआय चालवणाऱ्यांना दिसते. दिसूनही जी बँक डोळे मिटते, तिला जबाबदार धरल्याशिवाय बंदीला अर्थ नाही. तसेच कर्ज देणाऱ्या ॲपचे. पहाटे दोन वाजता, वीस मिनिटांपूर्वीच पैसे संपलेल्या माणसाला, त्याच्या पगाराची चौकशीही न करता कर्ज देणारा हा जुगाराचा भागीदारच म्हटला पाहिजे.

परवाना द्यायचाच असेल तर

बंदीचे विरोधक म्हणतात की, प्रौढ माणसाने स्वतःच्या कमाईचे काय करावे हे सरकारने सांगू नये. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. केंद्र सरकारने कायद्याच्या वेळी अंदाज दिला होता की, सुमारे ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या आसपास या खेळांत घालवतात. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. पण सरासरी इथे फसवी आहे. बहुतेकांचे जाते ते सिनेमाच्या तिकिटाएवढे, आणि थोड्यांचे जाते ते घर. पहिल्यांचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्यांचे संरक्षण, दोन्ही सांभाळायचे तर काय लागते, ते ज्यांनी परवान्याचा मार्ग धरला त्यांच्याकडे पाहून समजते.

ब्रिटनने २००५ च्या कायद्याने दारे सैल केली. मग चूक उमगत गेली तसे एकेक लगाम बांधणे सुरू झाले. २०१४ मध्ये ठरले की, कंपनी कुठल्याही बेटावर असो, ब्रिटिश गिऱ्हाईक घ्यायचे तर ब्रिटनचा परवाना हवा. २०२० मध्ये क्रेडिट कार्डावर जुगार खेळायला बंदी आली, आणि ज्याला स्वतःला थांबवायचे आहे त्याने एकदा नाव नोंदवले की सर्व परवानाधारक कंपन्यांची दारे त्याला बंद, ही व्यवस्था सक्तीची झाली. २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉट यंत्रावर एका खेळीला पाच पौंडांची मर्यादा आली, पंचविशीच्या आतल्यांना दोनच पौंडांची. वीस वर्षे लागली. जर्मनीने २०२१ मध्ये सर्व कंपन्या मिळून महिन्याला हजार युरोंपेक्षा जास्त भरणा करता येणार नाही, असा नियम केला. त्यात अपवादाच्या वाटा आहेत, पण तत्त्व महत्त्वाचे: मर्यादा कंपनीगणिक नाही, माणसागणिक.

उद्या न्यायालयाच्या निकालाने वा सरकारच्या मनपरिवर्तनाने आपल्याकडे परवान्याची वेळ आलीच, तर या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात, वीस वर्षांनी नकोत. माणसागणिक महिन्याची हद्द, आणि ती वाढवायची तर आठवड्याची वाट पाहणे. दोन डावांमध्ये सक्तीची उसंत आणि मध्यरात्रीनंतर टाळे. कर्जाच्या पैशाने खेळ नाही. क्रिकेटपटू आणि नट यांच्या तोंडून जाहिरात नाही, बोनसचे निरोप नाहीत. आणि एकदा 'मला थांबवा' म्हणून नाव नोंदवलेल्या माणसाकडून कोणी पैसे घेतले, तर ते त्याला परत. आपल्याकडे आधार आहे, यूपीआय आहे. त्याच यंत्रणेने जुगार उशाशी आणला, त्याच यंत्रणेने त्याला वेसण घालता येईल. ही यादी पाहून कंपन्या म्हणतील की, मग धंदा परवडत नाही. ज्या धंद्याला बेभान झालेल्या गिऱ्हाइकाशिवाय परवडत नाही, तो न परवडणेच बरे.

राजाच्या सभेतला डाव

पण सगळ्यात अवघड लगाम सरकारला स्वतःलाच घालावा लागेल. आपल्या सरकारांचे या बाबतीतले वर्तन फारसे निष्पाप नाही. महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी सुरू केली, लोकांना मटक्यापासून वळवावे हाही त्यामागचा एक युक्तिवाद होता. १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा करून ठेवला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ पर्यंत रद्दही केला नाही. शेजारच्या गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी राहिली. २०२० पासून गोमंतकीयांना तिथे खेळायला मनाई झाली. आपली माणसे बुडू नयेत हे त्या सरकारला कळले होते, तर मग कोल्हापूर-बेळगावकडून गेलेला माणूस कोणाचा होता? केंद्राने ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांवर पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच खेळांवर बंदी घातली. आणि पुढच्याच महिन्यात जीएसटी परिषदेने ४० टक्क्यांच्या नव्या टप्प्यात ज्या गोष्टी घातल्या, त्यांत हे खेळही होते! बंदीचा कायदा एका हातात आणि कराची पावती दुसऱ्या हातात, असे हे दृश्य आहे.

जुगाराचे उत्पन्न ज्या दिवशी अंदाजपत्रकाचा आधार होते, त्या दिवशी सरकार खेळाडूंच्या हरण्यात हितसंबंध असलेला भागीदार बनते. म्हणून असा कर घ्यायचाच असेल, तर तो सर्वसाधारण तिजोरीत जाऊ नये. व्यसनमुक्तीचे उपचार, कर्जबाजारी कुटुंबांना सल्ला, तालुक्याच्या रुग्णालयात या व्यसनाची जाण असलेला एक तरी माणूस, यांवरच तो खर्च व्हावा. दारू पिणाऱ्याच्या तोंडाला वास येतो, हात थरथरतो. गडकऱ्यांच्या सुधाकराची अवस्था सिंधूला दिसत होती. या व्यसनाला वास नाही. माझा भाचा शेवटपर्यंत वेळेवर कामावर जात होता.

महाभारतातल्या द्यूताची गोष्ट सांगताना आपण नेहमी शकुनीच्या फाशांबद्दल आणि धर्मराजाच्या मोहाबद्दल बोलतो. पण तो डाव कुठल्या अंधाऱ्या अड्ड्यावर झालेला नव्हता. तो राजाने मुद्दाम बांधवून घेतलेल्या सभेत झाला, राजाच्या आमंत्रणावरून झाला. विदुर सांगत होता की हे थांबवा, आणि थांबवण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता तो धृतराष्ट्र अधीर होऊन विचारत राहिला की, पण जिंकला का? सर्व हरून एकदा सुटलेल्या पांडवांना वाटेतून परत बोलावून दुसऱ्यांदा खेळायला बसवले, तेही त्याच राजाच्या आज्ञेने. आजची सरकारे कर किती जमला एवढेच विचारत राहिली, तर बंदीचा कायदा असूनही ती त्या सभेतच बसलेली असतील.

भाच्याचे म्हणाल, तर बहिणीने दोन बांगड्या मोडल्या, उरलेले कर्ज हप्त्याहप्त्याने फिटते आहे. त्याने स्वतःच एक मार्ग काढला. पगार आईच्या खात्यात जमा होतो, आणि रात्री दहा वाजता मोबाइल तिच्या उशाशी जातो. सत्तावीस वर्षांचा कमावता मुलगा रोज रात्री आईच्या हातात फोन देतो, तेव्हा दोघेही एकमेकांकडे पाहत नाहीत. गिरणीच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या काकूंचे काम आता माझी बहीण करते आहे. तिला ते एकटीला करावे लागू नये, एवढीच सरकारकडून अपेक्षा आहे.